तांदळाचा जोडतक्ता

तेनेंग जार्जूच्या टेबलावर दोन देश नांदत होते. डाव्या रकान्यात गांबिया, उजव्या रकान्यात गिनी-बिसाऊ. कुठल्या साली बाहेरून किती तांदूळ आला, किती गहू, किती तेल, किती साखर, किती कांदा, हे ती वर्षामागून वर्ष लिहीत आली होती. सव्वीस वर्षं. कचेरीत या कामाला एक लांबलचक नाव होतं. तेनेंग त्याला जोडतक्ता म्हणायची, आणि हळूहळू सगळेच तसं म्हणायला लागले. दोन्ही देश चिमुकले, दोन्ही भातखाऊ, दोघांच्या मधे तिसऱ्याच देशाची कासामान्स नावाची पट्टी. तुलनेला ही जोडी बरी, असं पूर्वी कुणा शहाण्याला वाटलं. तो शहाणा निवृत्त होऊन घरी गेला, तक्ता मात्र तेनेंगच्या गळ्यात राहिला.

तक्त्यातलं बाकी काही कुणी बघत नसे. बघायचे त्या तांदळाच्या दोन रेघा. गांबियाची रेघ दरवर्षी वर चढत गेलेली. बिसाऊची आधी चढलेली आणि गेली बारा वर्षं उतरत आलेली. अर्थ लावायला अक्कल लागत नव्हती. गांबियाच्या लोकांनी शेती सोडली आणि जहाजाच्या तांदळावर पोट टेकलं; बिसाऊचे लोक मात्र कष्टाळू, आपलं आपण पिकवायला लागले. मंत्री हेच बोलायचे, वर्तमानपत्रं हेच छापायची.

आणि हे खोटं होतं. तेनेंगला ते पक्कं ठाऊक होतं.

बांजुल बंदराच्या धक्क्यावर उतरलेलं प्रत्येक पोतं गांबियाच्या रकान्यात पडतं. पण उतरलेलं प्रत्येक पोतं गांबियात शिजत नाही. ‘गेले-गेले’ म्हणतात त्या प्रवासी गाड्यांच्या टपावरून, गाढवगाड्यांतून, मोटारसायकलीला मागे बांधून ते दक्षिणेची हद्द ओलांडतं, कासामान्सच्या बाजारात दोन दिवस विसावतं आणि तिथून ट्रकने बिसाऊला जातं. जाताना ते कुणी लिहीत नाही. पोचल्यावरही कुणी लिहीत नाही, कारण बिसाऊवाले लिहितात ते त्यांच्या स्वतःच्या बंदरावर, रस्त्यावर नाही. म्हणजे खायचं त्यांनी आणि खादाड ठरायचं आपण.

तेनेंग दरवर्षी तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहायची की यातला काही तांदूळ पुढे जातो. आणि दरवर्षी कचेरीचा मुख्य, बिराम जूफ, ती ओळ खोडायचा.

"'काही' हा आकडा आहे का गं बटके? आकडा आण. आकडा आणलास की मी तुझी ओळ सोन्याच्या शाईने लिहीन."

बटीक म्हणाला म्हणून कुणी दचकायचं कारण नाही. जूफ सेरेर जमातीचा, तेनेंग जोला जमातीची, आणि सेरेर-जोलांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं आहे. त्याला सानावुया म्हणतात, आणि त्या नात्यातल्या माणसालाही. सेरेर जोलाला आपला गुलाम म्हणतो, जोला सेरेरला. दोघेही दुसऱ्याला भाताचा अधाशी ठरवतात. भर बाजारात, भर मशिदीबाहेर, साहेब असो की शिपाई. नियम दोनच. चिडायचं नाही, आणि टोमण्याला उत्तर द्यायचंच. उत्तर न देणं म्हणजे नातं तोडणं. एरवी या माणसांत अब्रूवरून तलवारी निघतील, पण सानावुयाने तोंडावर थुंकीन म्हटलं तरी हसायचं.

"आज किती ताटं उडवलीस, बटके?" जूफ सकाळी दारातूनच विचारायचा.

"तुझ्या घरी जेवले असते तर एकही नाही. सेरेरच्या घरात ताट घासायची वेळच येत नाही, तुम्ही चाटूनच लख्ख करता."

यावर सगळी कचेरी हसायची. सव्वीस वर्षं रोज हे चाललं, आणि एकदाही दोघांपैकी कुणी कमी पडलं नाही. तेनेंगचा नवरा गेला तेव्हा तर जूफने कमाल केली. रडणाऱ्या बायांच्या चपला लपवल्या, मयताशेजारी चटईवर आडवा झाला आणि म्हणाला, "आधी मला जेवायला वाढा, मग याला न्या. हा माझा गुलाम, माझ्या परवानगीशिवाय चाललाच कसा?" त्या दुःखात तेनेंगला हसू फुटलं होतं. त्या हसण्याचे उपकार ती विसरली नव्हती. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आकडा आण म्हणाला, तर तेनेंगने आकडा आणायचं ठरवलं. ओळीने दोन वर्षं तिने सगळी रजा हद्दीवरच्या गावात काढली. रस्त्याकडेला टापालापा पाव विकणाऱ्या बाईच्या आंब्याखाली बाक होतं, त्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत वही घेऊन बसायची आणि पलीकडे जाणारी पोती मोजायची. लोकांना आधी वाटलं सरकारची हेर आहे. मग वाटलं विधवा बाई दुसरा नवरा शोधते आहे. एका ट्रकवाल्याने तसं विचारलंही. "पोत्यांसकट येणार असशील तर विचार करते," तेनेंग म्हणाली, आणि त्याच्या टपावरची पोती मोजून घेतली. एकंदर त्र्याऐंशी दिवस भरले. कोरड्या दिवसांतले, सणाआधीचे, आठवडी बाजाराचे, सगळ्या तऱ्हेचे. जानेवारीत तिने बेरीज मांडली. बंदरात उतरणाऱ्या पाच पोत्यांपैकी आता दोन बाहेर जात होती; वीस वर्षांपूर्वी, जुने ट्रकवाले सांगत, जवळपास एकही नाही. हा वाढत गेलेला वाटा गांबियाच्या रेघेतून काढून पलीकडच्या रेघेत घातला की चित्र पार उलटंपालटं होत होतं. गांबियाची रेघ वीस वर्षं जागेवर उभी होती. बिसाऊची उतरतच नव्हती.

हे एवढं जिवावर घेण्याचं कारण तेनेंगची थोरली बहीण सीबो. आई गेल्यावर सीबोनेच तिला वाढवलं. फोनी भागात, बिंतांगच्या खाडीकाठी, सीबोचं भाताचं खाजण होतं. गावातल्या बारा बायांची खाजणं एकमेकींना लागून, आणि सगळ्यांच्या पुढे खाडीचं पाणी अडवायला चिखलाचा एक बांध. बांध बायांनीच घातलेला, बायांनीच दरवर्षी लिंपलेला. पण खाडी आता पूर्वीची राहिली नव्हती. दर उधाणाला कुठेतरी खांड पडायची आणि खारं पाणी आत शिरायचं. सीबोची निम्मी जमीन पांढरी पडली होती. पक्का बांध आणि पाणी सोडायला उघाडी, एवढंच पाहिजे होतं. ते बारा बायांच्या हातचं काम नव्हतं.

आणि नेमकी तशीच एक योजना आली. खारबांध योजना. परदेशातले लोक पक्के बांध घालून देणार होते, पण एकाच देशात. कुठल्या, ते जोडतक्त्यावरून ठरणार होतं. जिथली आयात उतरते आहे तिथले लोक शेतीला धरून आहेत. तिथे बांध घालण्यात अर्थ. जिथली चढते आहे तिथे बांध घालून काय खेकडे पाळायचे?

जूफने तिला रेघांचं मोठं चित्र छापायला सांगितलं तेव्हा तेनेंगला हे कळलं. सभा आठवड्यावर आली होती.

ती लगेच त्याच्या खोलीत गेली. "जूफ, आकडा आणलाय. पाचातली दोन पोती बाहेर जातात."

"दोनच? मग उरलेली तीन तू एकटीने खाल्लीस?"

"मी खरंच सांगतेय."

"मीही खरंच विचारतोय. पोटात ठेवतेस कुठे?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पुन्हा तेच. सव्वीस वर्षांची वाट रुळलेली. तिच्यावर पाय ठेवला की माणूस आपोआप चालायला लागतं. तेनेंगनेही दोन्ही वेळा दोन टोमणे देऊन पाय मागे घेतला. मग तिच्या मनात आलं, इथे एकट्यात नकोच. सभेत बोलू. परक्या माणसांपुढे सगळे गंभीर असतात.

त्याआधी तिने बिसाऊला फोन केला. तिथल्या कचेरीत एर्मेलिंदा म्हणून बाई होती. ती उजव्या रकान्याचे आकडे द्यायची. अकरा वर्षांत दोघी दोनदाच भेटल्या होत्या, पण फोनवर तासन्‌तास बोलत. एर्मेलिंदा तिला मना म्हणायची, म्हणजे ताई.

"मना, हे तुला आज कळलं?" एर्मेलिंदा म्हणाली. "आमच्या बाजारात जा, पोत्यावर तुमच्याच बंदराचा शिक्का असतो. मी त्याच पोत्यातला भात खाते."

"मग तसं लिहून देशील?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "माझ्या आजोळचं खाजणही खाऱ्यानेच गेलंय. मामी आता काजू गोळा करायला जाते लोकांच्या बागेत. बांध आम्हालाही हवाय गं."

"मग मी काय करू?"

"तू खरं बोल. तुला कोण अडवतंय? फक्त मला सही मागू नकोस."

तेनेंगला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिच्या जागी आपण असतो तर आपणही सही दिली नसती, हे तिला स्वच्छ दिसलं. दोन बुडणाऱ्यांना एक फळकूट दाखवायचं आणि वर कोण जास्त लायक ते ठरवायचं, ही रीत ज्याने काढली त्याला मात्र तिने मनातल्या मनात सणसणीत शिवी दिली.

सभा फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी झाली. मंत्रालयातली माणसं होती, शेतीखात्याची होती, गावोगावच्या संस्थांची होती. योजनेच्या प्रमुख बाई परदेशी, उंच, उन्हाने नाक सोललेल्या. जूफने चित्र पडद्यावर लावलं. दोन रेघा एके ठिकाणी एकमेकींना छेदून गेलेल्या, एक तांबडी वर, एक हिरवी खाली. बाईंनी मान डोलावली, काहीतरी टिपलं आणि विचारलं, "याबद्दल कुणाला काही म्हणायचं आहे?"

तेनेंग उभी राहिली. हातातली वही घामाने ओली झाली होती.

"मला म्हणायचंय. हा तक्ता चूक आहे. मीच बनवलाय, म्हणून मला माहितीय. आमच्या रेघेतली पाचातली दोन पोती आमची नाहीत. ती हद्दीपलीकडे जातात, तिथेच खाल्ली जातात. मी मोजलीयत."

जूफचा चेहरा पडला. सगळ्यांसमोर आपल्याच कचेरीचा तक्ता आपल्याच बाईने खोटा म्हटल्यावर कुठल्या मुख्याचा पडणार नाही? आणि मग त्याने तेच केलं जे घाबरलेलं माणूस करतं. ओळखीच्या वाटेला पळाला.

"ऐकलंत?" तो हात पसरून म्हणाला. "जोला बाईने परात पुसून साफ केली, आणि आता म्हणते शेजारणीने खाल्लं!"

मंत्रालयवाले फिसकन हसले.

या क्षणी तेनेंगला एकच गोष्ट करायची होती. गप्प राहायचं. उत्तर द्यायचं नाही. एवढं केलं असतं तरी पुरे होतं. पण जित्याची खोड म्हणतात ती अशी.

"तू गप रे गुलामा! सेरेरला मोजता येतात ते फक्त दुसऱ्याच्या ताटातले मासे!"

वाक्य संपायच्या आधीच तिला कळलं होतं. पण तोंडातून सुटलं ते सुटलं. सभागृह हसण्याने दणाणलं. शेतीखात्याचा म्हातारा डोळे पुसायला लागला. मागे कुणीतरी जोला होता, त्याने टाळी वाजवून "शाबास जार्जू!" म्हटलं. प्रमुख बाई गोंधळून इकडेतिकडे बघत होत्या. शेजारच्या माणसाने त्यांना समजावलं की ही आमची जुनी रीत आहे, दोन बहिणींची होडी दुभंगली, एकीचे झाले सेरेर, दुसरीचे जोला, तेव्हापासून भेटले की असेच भांडतात, यातलं काही मनावर घ्यायचं नसतं. बाईंचा चेहरा खुलला.

"नाही," तेनेंग म्हणाली. "मी खरं सांगतेय. हे थट्टेतलं नाही."

"हेच!" तो माणूस बाईंना म्हणाला. "असंच म्हणायचं असतं."

तेनेंगने वही उघडून धरली. त्र्याऐंशी दिवसांची पानं, प्रत्येक पोत्यामागे एक उभी रेघ.

"वा, वहीसुद्धा आणली आहे!" बाई कौतुकाने म्हणाल्या, आणि मधल्या सुट्टीत त्यांनी तेनेंग आणि जूफचा एकत्र फोटो काढवून घेतला. फोटोत जूफ हसतो आहे. तेनेंगचे डोळे मिटलेले आहेत.

दुपारी सगळे गेल्यावर तेनेंग जूफच्या खोलीत गेली. दारात चपला काढल्या, पुढे जाऊन फरशीवर बसली आणि त्याचा पाय धरला. सानावुया असा पाय धरतो तेव्हा थट्टा संपलेली असते, आणि मागेल ते नाकारता येत नाही. पण हे माणसं जन्मात एखाद्या वेळी करतात.

"उठ गं बटके, नाटकं कसली..." म्हणत जूफने खाली बघितलं. "तेनेंग?"

"साहेब, ही वही वाचा."

साहेब हा शब्द तिने त्याला पहिल्यांदाच वापरला होता. जूफने वही घेतली. अर्धा तास तो पानं उलटत होता, एका कागदावर बेरजा करत होता, पुन्हा उलटत होता. तेनेंग फरशीवरच बसली होती.

"हे खरंय," तो शेवटी म्हणाला.

"मी तीनदा सांगितलं तुम्हाला."

"तू तीनदा टोमणा मारलास." त्याने वही खाली ठेवली. तो चिडला नव्हता, रडवेला झाला होता. "सभेत उत्तर का दिलंस गं? गप्प राहिली असतीस तर मी जागच्या जागी थांबलो असतो. सव्वीस वर्षांत तू एकदाही गप्प राहिली नाहीस. एकदाच राहिली असतीस, तर त्या सभागृहातल्या प्रत्येक माणसाला कळलं असतं की काहीतरी भयंकर आहे."

तो खरं बोलत होता, आणि त्याचं खरं असणं तिला सहन होत नव्हतं. आधी टोमणा कुणी मारला, हे ती विचारू शकली असती. पण विचारून काय होणार होतं?

जूफने शब्द पाळला, हे मान्य करायला हवं. त्याने त्याच आठवड्यात चार पानी पत्र लिहिलं. आपला तक्ता चूक आहे, चूक माझी आहे, श्रीमती जार्जू यांनी मला वर्षानुवर्षं सांगितलं आणि मी ऐकलं नाही, असं स्वतःच्या सहीने लिहिलं. सोबत वहीच्या नकला जोडल्या. असं पत्र लिहिणारा मुख्य अधिकारी शोधून सापडायचा नाही. पण बूंद से गयी ती हौदाने येत नाही.

उत्तर मे महिन्यात आलं. सभेच्या टिपणात हरकतीची नोंद नाही. त्या जागी 'स्थानिक परंपरेनुसार एक हलकाफुलका प्रसंग' एवढंच आहे, आणि ते टिपण सर्वांनी मंजूर केलेलं आहे. रस्त्याकडेला बसून केलेली मोजणी बंदराच्या कागदांपुढे धरता येत नाही. बांधांचं काम बिसाऊकडे गेलेलं आहे. पुढची तुलना पाच वर्षांनी होईल, तेव्हा ही माहिती अवश्य विचारात घेऊ. शेवटी बाईंनी हाताने लिहिलं होतं की तुमच्या त्या जुगलबंदीची आम्ही अजून आठवण काढतो.

पाच वर्षं! खारं पाणी पाच वर्षं दारात ताटकळत बसतं की काय?

जूनमध्ये एर्मेलिंदाचा फोन आला. बांध तिच्या मामीच्या गावीही होणार नव्हता. मोठ्या रस्त्याजवळच्या एका जिल्ह्यात घालायचं ठरलं होतं, पाहुण्यांना गाडीने जाऊन बघता येईल अशा जागी. "मना, मी सही दिली असती तरी चाललं असतं," ती म्हणाली आणि रडली. तेनेंगने तिला समजावलं. कुणी कुणाला समजवायचं, याचाही काही हिशेब राहिला नव्हता.

कचेरीत जूफ आता सकाळी दारातून काही विचारत नसे. तेनेंग आत आली की उठून उभा राहायचा. "या जार्जूबाई, बसा," म्हणायचा. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं नवीन काहीतरी थट्टा आहे, ते हसायला तोंड उघडून बसले. चौथ्या दिवशी कुणी हसलं नाही. त्याला वाटत होतं आपण तिला मान देतो आहोत. तेनेंगला वाटायचं, याने एकदा तरी बटीक म्हणावं. पण ते तिने सांगितलं नाही. अशी गोष्ट मागून मिळत नाही.

ऑगस्टच्या उधाणाला सीबोच्या खाजणापुढे खांड पडली. बाराही बायांनी नऊ दिवस चिखल ओतून ती बुजवली. सप्टेंबरात तिथेच पुन्हा पडली, आधीपेक्षा रुंद. त्यांनी पुन्हा हात घातला. तिसऱ्या वेळी आठच बाया आल्या. चौथी वेळ आली नाही, कारण तोवर लावलेलं भात उभ्या उभ्या तांबडं होऊन गेलं होतं. हे सगळं सीबोने फोनवर असं सांगितलं, जसं कुणी दुसऱ्या गावचं लग्न मोडल्याचं सांगतं.

जानेवारीत तेनेंग गावी गेली. सीबो दारातच बसून मासे साफ करत होती. साठीची बाई, पण हात अजून तसेच, नांगराच्या फाळासारखे.

"कासुमाय," तेनेंगने जोला बोलीत खुशाली विचारली.

"कासुमाय केप. वाळलीस. शहरात जेवायला घालत नाहीत?"

"तू घाल."

खाजणाकडे जाऊया असं दोघींपैकी कुणी म्हटलं नाही. इथून तसंही दिसत होतंच. सगळं पांढरं, मधे मधे पाण्याची डबकी, एक बगळा.

दुपारी सीबोने परात पुढे ठेवली. वर मासा, लिंबू, भाजलेली मिरची. तेनेंगने बोटांनी भात चिवडला आणि तिचा हात थांबला. पांढराफेक, बारीक, तुकडा तांदूळ. घरचा तांदूळ तांबूस असतो, जाडा असतो, शिजताना त्याचा वास अंगणभर होतो. हा तांदूळ ती चांगला ओळखत होती. तिने मागे वळून बघितलं. कोपऱ्यात पोतं उभं होतं, बंदराचा शिक्का असलेलं. सीबोने आयुष्यात तांदूळ विकत घेतला नव्हता.

"ताई, कोठारात भात संपलं?"

"नाही. आहे. दोन वर्षांमागचं आहे, चांगलं आहे."

"मग हा कशाला?"

"ते ठेवलंय."

"कशासाठी?"

"माझ्या मयताला." सीबो माशाचे काटे काढून तेनेंगच्या बाजूला सारत होती. "लोक येतील, तीन दिवस जेवतील. जोला बाईच्या मयताला काय पोत्यातला तांदूळ शिजवायचा? तोंड दाखवायला जागा राहील का तुला? मोजून बघितलं मी, बरोबर पुरतंय. आता नवीन तर काही व्हायचं नाही."

"आणि बाकीच्या?"

"सगळ्यांनी तसंच केलंय. बारा घरं. आपापलं आपापल्यापुरतं ठेवलं, दारं लावली, आणि खायला हे आणलं."

बारा पोती. तेनेंगच्या डोक्यात ती मोजली जाणार नाहीत असं होणार नव्हतं, सवय. ही पोती हद्द ओलांडणार नव्हती. ती जहाजातून आली होती, इथेच उतरली होती, आणि इथेच खाल्ली जात होती. या बारा पोत्यांपुरता जोडतक्ता अगदी बिनचूक होता. पुढच्या वर्षी अशी आणखी होतील, खाडीकाठच्या आणखी गावांत, आणि पाच वर्षांनी ती उंच बाई येईल तेव्हा तांबड्या रेघेत खोट काढायला जागाच उरलेली नसेल. तेनेंगला वहीत मांडलेले ते त्र्याऐंशी दिवस आठवले. तिला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर?

"जेव ना. गार होतंय."

तेनेंगने घास घेतला. सीबोनेही घेतला, चावला, खालमानेने आणखी थोडा चावला.

"कसा झालाय?" तिने विचारलं.

"बरा झालाय."

"तू शहरात हाच खातेस ना रोज? तुला सवय आहे," सीबो म्हणाली. "होईल मलाही."